शेवटचं सव्वादोन फूट आतडं: एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण शिकवण्यासाठी रचलेलं आहे. यातली बाई म्हणजे कुणी एक व्यक्ती नाही. पण बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या ओपीडीत अशा तक्रारी घेऊन माणसं येतात, आणि त्यांचा आजार इथं लिहिलाय तसाच चालतो.

रुग्ण ४४ वर्षांची, खानापूर तालुक्यातल्या गावची. स्वतःची थोडी भातशेती. घरात मराठी, बाजारात कानडी. मांसाहारी: रविवारी मटण नाहीतर कोंबडी, अधूनमधून गोव्याकडून येणारा बांगडा. मधुमेह नाही, रक्तदाब नाही, दारू नाही. मिश्री आहे. सोबत मुलगा आलेला.

पहिली तक्रार पायांची. ‘चप्पल पायातनं निघून गेली तरी कळत नाही बघा. परवा स्टँडवरनं एका पायात चप्पल नसताना घरापर्यंत आले,’ असं तिनं सांगितलं. भातलावणीच्या वेळी चिखलात पाय उचललाय की रुतलाय हे वाकून बघावं लागतं. सकाळी न्हाणीत डोळे मिटून तोंडावर पाणी मारलं की तोल जातो, म्हणून एक हात भिंतीला लावूनच तोंड धुते. मुंग्या दीड वर्षापासून, आधी फक्त बोटांत, आता घोट्याच्या वर.

दुसरी तक्रार तिनं आपणहून सांगितली नाही. शौचाचं विचारल्यावर ती गप्प बसली, तेव्हा मुलगा म्हणाला, ‘आई, डॉक्टर विचारूलालेत ते सांग की.’ मग कळलं. दिवसातून चार-पाच वेळा पातळ होतं, त्यातही जेवल्यावर लगेच. एसटीनं कुठं जायचं असेल त्या दिवशी ती दुपारचं जेवतच नाही. ‘त्याचं काय नाही, ते ऑपरेशन झाल्यापासनंच आहे.’ एखाद्या त्रासाबरोबर माणूस सात वर्षं राहिला की तो त्रास त्याच्या यादीतून गळून जातो. विचारणाऱ्यानंच तो परत यादीत आणायचा असतो.

आधीचे उपचार तीन ठिकाणचे. अशक्तपणासाठी लोहाच्या गोळ्या आणि ५ मि.ग्रॅ.ची फॉलिक ॲसिडची गोळी, वर्षभर. हिमोग्लोबिन ७.८ वरून १०.१ वर आलं, सगळे खूश झाले. पोटासाठी रोज सकाळी उपाशीपोटी गॅसची गोळी, सहा वर्षांपासून. आपल्याकडं पोटातलं काहीही असो, त्याला ‘गॅस’ नाहीतर ‘पित्त’ म्हणायचं आणि ही गोळी सुरू करायची. ती थांबवायची कधी हे कुणी सांगत नाही. पायांच्या मुंग्यांसाठी कंबरेच्या मणक्याचा एक्स-रे आणि पट्टा.

तपासताना जीभ गुळगुळीत आणि लाल, डोळ्यांत फिकटपणा. १२८ हर्ट्झचा कंपनकाटा पायाच्या अंगठ्यावर, घोट्यावर, नडगीवर ठेवला तर तिला फक्त गार लोखंड लागलं. कंप कळला तो गुडघ्यावर. डोळे मिटून अंगठा वर केलाय की खाली हे चारदा विचारलं तर दोनदा चुकलं, म्हणजे नुसता अंदाज. पाय जुळवून डोळे मिटायला सांगितलं तर ती मुलाच्या खांद्यावरच आली. घोट्याची प्रतिक्षिप्त क्रिया गायब, गुडघ्याची मात्र नेहमीपेक्षा जोरात, आणि तळव्यावर ओरखडा काढल्यावर अंगठा वर. ही जोडी महत्त्वाची. एकट्या पायांच्या नसा बिघडल्या तर गुडघा जोरात उडत नाही, आणि कंबरेच्या मणक्याच्या दुखण्यात अंगठा वर जात नाही. नसा आणि मज्जारज्जू दोन्हीकडं एकदम बोट दाखवणारे आजार थोडे, त्यातला सर्वांत बरा करता येणारा म्हणजे बी-१२ ची कमतरता.

रक्तात बी-१२ निघालं मिलिलिटरला ८८ पिकोग्रॅम. साधारण २०० च्या खाली कमी धरतात. तांबड्या पेशींचं सरासरी आकारमान १०१ फेम्टोलिटर, म्हणजे जेमतेम मोठं. काचेवरच्या रक्तात पांढऱ्या पेशींच्या केंद्रकाला सहा-सहा खंड दिसत होते, तीही याच कमतरतेची खूण. फॉलेट, म्हणजे फॉलिक ॲसिडचंच शरीरातलं रूप, भरपूर. साखर, थायरॉइड, एचआयव्ही ठीक.

मग एका सहकाऱ्यानं रास्त शंका काढली: मटण-मासे खाणाऱ्या बाईला बी-१२ कमी कशी? शाकाहारी घरात कमी दिसणं ओळखीचं, पण इथं?

उत्तर तिनं आणलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत होतं. रेशनकार्डाची झेरॉक्स, सोसायटीच्या पावत्या आणि त्यांच्या तळाशी चार घड्या घातलेला सात वर्षांपूर्वीचा डिस्चार्ज कागद. आतड्याचा क्षयरोग, लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्याजवळ अरुंद झालेली जागा, अडलेलं पोट. क्षयरोगाला आतड्यात सर्वांत जास्त ही जागा मानवते. तिथं लसिका ऊतक दाट असतं आणि अन्नही रेंगाळतं. इलियमचा (लहान आतड्याच्या खालच्या भागाचा) शेवटचा ७० सेंटिमीटर तुकडा, सीकम ही मोठ्या आतड्याच्या तोंडाची पिशवी आणि तिच्या पुढचा थोडा भाग काढून उरलेली टोकं जोडली. क्षयरोगाचा कोर्स पूर्ण. शस्त्रक्रिया करणाऱ्यांनी जीव वाचवला होता, सांधाही उत्तम बसला होता. सल्ल्याच्या रकान्यात मात्र ‘हलका आहार’ एवढंच. दुर्बिणीनं पुन्हा बघितलं, क्षयरोग परतलेला नव्हता.

मुलानं विचारलं तो प्रश्न मला सगळ्या तपासण्यांपेक्षा मोलाचा वाटतो. ‘आतडं वीस फूट असतंय म्हणतात. त्यातलं दोन फूट गेलं तर एवढं काय झालं?’

ताटामागून खाली

या प्रश्नाला नीट उत्तर द्यायचं तर एका जेवणाच्या मागं जावं लागतं. समजा तिचं रविवारचं ताट: भात, आमटी, झुणका, शेंगदाण्याची चटणी, तळलेला बांगडा, शेवटी ताक.

जठर साठवतं, घुसळतं, आम्लात भिजवतं आणि थोडंथोडं पुढं सोडतं. पुढं ड्युओडेनम, लहान आतड्याचा पहिला तुकडा, २५ सेंटिमीटरच्या आसपास, वीतभराहून किंचित जास्त. एवढ्याशा जागेत गर्दी मोठी. आम्ल पोचताच भिंतीतून सिक्रेटिन रक्तात सुटतं आणि स्वादुपिंड क्षारयुक्त रस ओततं. बेलिस आणि स्टार्लिंग या शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी १९०२ मध्ये लंडनला हे दाखवलं. हॉर्मोन म्हणून ओळखलं गेलेलं हे पहिलं द्रव्य. तेल आणि प्रथिनं पोचली की दुसरं हॉर्मोन पित्ताशयाला आवळतं. स्वादुपिंड आपली प्रथिनं तोडणारी विकरं (एन्झाइम) निष्क्रिय पाठवतं, नाहीतर त्यानं स्वतःलाच पचवलं असतं. त्यांना जागं करणारं एंटेरोकायनेज आतड्याच्या भिंतीवर बसलेलं असतं. म्हणजे पचनाची किल्ली आतड्यानं स्वतःकडं ठेवली आहे.

भातातला स्टार्च स्वादुपिंडाच्या अमायलेजनं तुटत तुटत दोन-तीन ग्लुकोजच्या तुकड्यांवर येतो. शेवटचा घाव आतड्याच्या पोकळीत पडत नाही, भिंतीवर पडतो. आतून आतडं घड्या घातलेलं, घड्यांवर अर्धा ते एक मिलिमीटर उंचीचे अंकुर, आणि अंकुरावरच्या प्रत्येक पेशीच्या काठाला आणखी बारीक सूक्ष्मांकुर. माल्टेज, सुक्रेज, लॅक्टेज ही विकरं याच काठात रोवलेली असतात. तुकडा तिथं तुटतो आणि तिथूनच आत घेतला जातो. पचन जिथं संपतं तिथंच शोषण सुरू होतं, मध्ये मोकळी जागा नाही. जुन्या पुस्तकांत या पृष्ठभागाला टेनिस कोर्टाएवढा म्हणायची पद्धत होती. २०१४ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी नव्यानं मोजलं तेव्हा तो ३० चौरस मीटरच्या आसपास भरला. तरी बेताच्या घरातल्या दोन खोल्यांएवढा झालाच. अंकुरावरच्या पेशी तीन ते पाच दिवसांत गळून नव्या येतात.

ग्लुकोज एकटं आत जात नाही, सोडियमला धरून जातं. जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये हे मांडलं, आणि दोघांच्या मागून पाणी येतं या एका गोष्टीवर ओआरएसचं पाकीट उभं आहे. मीठ घातलेली तांदळाची पेजही याच दारातून काम करते. लहान आतड्यात रोज आठ-नऊ लिटर द्रव उतरतो, त्यातलं आपण प्यायलेलं दोनेक लिटरच, बाकी शरीराचेच रस. पुढं मोठ्या आतड्यात जाताना दीड लिटरही उरत नाही. झुणक्यातली आणि माशातली प्रथिनं सुट्या अमिनो आम्लांपेक्षा दोन-तीन आम्लांच्या जोड्यांत जास्त शोषली जातात, त्यांची सुटी मोड पेशीच्या आत होते. ताकातली दूधसाखर आंबवताना थोडी कमी झालेली असते, म्हणून दूध न सोसणारा माणूसही ताक पितो.

शेंगतेलाची गोष्ट निराळी. तेल पाण्यात विरघळत नाही. पित्तातले क्षार त्याचे बारीक कण करतात, लायपेज हे विकर ते तोडतं, आणि तुटलेला माल पित्तक्षारांच्या सूक्ष्म गोळ्यांत बसून पेशीपर्यंत पोचतो. पेशीत तो पुन्हा जोडला जातो आणि प्रथिनांचं वेष्टण घेऊन बाहेर पडतो, पण रक्तात नाही, लसिकेत, म्हणजे वेगळ्या वाहिन्यांतून वाहणाऱ्या पातळ द्रवात. भाताचं आणि माशाचं सत्त्व थेट यकृताकडं जाणाऱ्या शिरेत उतरतं. तेल मात्र छातीतून वर चढून मानेच्या डाव्या बाजूला, गळपट्टीच्या हाडामागं रक्तात मिसळतं.

हे सगळं बहुतेक जेजुनमच्या, म्हणजे ड्युओडेनम आणि इलियम यांच्या मधल्या भागाच्या, पहिल्या दीड मीटरात उरकतं. लोह आणि कॅल्शियम तर त्याही आधी, ड्युओडेनममध्येच. मग बाकीचं आतडं कशाला? एक म्हणजे राखीव. जेजुनमचा मोठा भाग गेला तरी इलियमचे अंकुर काही महिन्यांत उंच होतात आणि त्याचं काम अंगावर घेतात. पण उलट होत नाही. इलियमच्या शेवटच्या भागाकडं दोन कामं अशी आहेत जी जेजुनम कधीच शिकत नाही: बी-१२ उचलणं आणि पित्तक्षार परत घेणं. मुलाला मी एवढंच सांगितलं की आईचं मधलं दोन फूट आतडं गेलं असतं तर तिला कळलंही नसतं. गेलं ते शेवटचं.

बी-१२ चा प्रवास

या जीवनसत्त्वाला एवढं हात बदलत का जावं लागतं हे मला आजही नवलाचं वाटतं. बांगड्यातलं बी-१२ आधी माशाच्या प्रथिनाला चिकटलेलं. जठरातलं आम्ल आणि पेप्सिन ते सोडवतात. सुटताच लाळेतलं एक प्रथिन त्याला धरतं. ड्युओडेनममध्ये स्वादुपिंडाची विकरं ती पकड तोडतात. मग जठराच्याच पेशींनी पाठवलेला ‘इंट्रिन्सिक फॅक्टर’ त्याला घेतो, आणि ही जोडी भात, तेल, मीठ सगळं शोषलं जात असताना न थांबता खाली जाते. तिला ओळखून पकडणारे ग्राहक (रिसेप्टर) इलियमच्या शेवटच्या टप्प्यावरच असतात.

साठ सेंटिमीटरहून जास्त शेवटचं इलियम गेलं की बी-१२ ची कमतरता आज ना उद्या येणार असं धरूनच चालायचं. हिचं सत्तर गेलं होतं. मग सात वर्षं कशी निघाली? यकृतात दोन ते पाच मिलिग्रॅम साठा असतो, आणि रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅमची. साठा वर्षानुवर्षं पुरतो, आणि म्हणूनच ऑपरेशन आणि मुंग्या यांचा संबंध कुणाच्या डोक्यात येत नाही. शाकाहारी माणसाचा साठा याहूनही सावकाश संपतो, कारण पित्तातून आतड्यात उतरलेलं बी-१२ त्याचं इलियम परत उचलतं. हिला तीही परतफेड नव्हती. वर गॅसच्या गोळीनं आम्ल कमी केलं, म्हणजे माशापासून बी-१२ सुटण्याची पहिलीच पायरी कच्ची. मोठ्या आतड्याच्या तोंडावरची झडपही शस्त्रक्रियेत गेलेली. अशा वेळी खालचे जंतू वर चढतात आणि उरलंसुरलं बी-१२ तेच खातात. तिचा आहार सगळ्यांनी विचारला होता. काय कापलं हे कुणी विचारलं नव्हतं.

फॉलिक ॲसिडची गोळी मात्र व्यवस्थित शोषली जात होती, कारण तिची जागा वरची, जेजुनमच्या सुरुवातीची, आणि ती शाबूत होती. घोटाळा इथं झाला. बी-१२ नसेल तर शरीरातलं फॉलेट एका निरुपयोगी रूपात अडकून पडतं, पेशींची विभागणी अडते आणि रक्त खालावतं. बाहेरून भरपूर फॉलिक ॲसिड दिलं की हा अडथळा वळसा घालून पार होतो, रक्त सुधारतं, पेशींचा वाढलेला आकार झाकला जातो. मज्जारज्जूतल्या तंतूंभोवतीच्या मायलिन या आवरणाला मात्र बी-१२ च लागतं. तिथं वळसा नाही. म्हणून कागदावर हिमोग्लोबिन चढत होतं आणि पाय बिघडत होते. पायात मुंग्या असलेल्या फिकट माणसाला बी-१२ न बघता ५ मि.ग्रॅ. फॉलिक ॲसिड एकटं देऊ नये, याबद्दल माझं मत पक्कं आहे.

जेवल्यावर पळावं का लागत होतं

शरीरात पित्तक्षार असतात एकूण तीनेक ग्रॅम. एका दिवसाच्या तेलतुपाला ते पुरणारच नाहीत. पण गावातला एकच भाड्याचा ट्रॅक्टर जसा दिवसभर या शिवारातून त्या शिवारात फिरतो, तसे तेच क्षार दिवसात सहा-आठ फेऱ्या मारतात. पित्ताशयातून ड्युओडेनम, खाली इलियम, तिथून रक्तात, यकृतात, पुन्हा पित्तात. दर फेरीला ९५ टक्क्यांहून जास्त परत येतात, रोज अर्धा ग्रॅमच्या आसपास शौचातून जातात आणि तेवढे यकृत नवे करतं.

परतीची जागा म्हणजे तेच शेवटचं इलियम. ते नसेल तर क्षार सरळ मोठ्या आतड्यात पडतात, तिथल्या पेशींना चिडवतात आणि त्या क्लोराइड व पाणी सोडायला लागतात. जेवलं की पित्ताशय आवळतं, म्हणून जेवणानंतरच घाई. शंभर सेंटिमीटरपेक्षा कमी इलियम गेलेलं असेल तर यकृत जास्तीचे क्षार बनवून तूट बऱ्यापैकी भरतं; जुलाब पाण्याचे होतात, चरबीचे नाहीत. त्याहून जास्त गेलं की यकृतही पुरं पडत नाही, मग चिकट, तरंगणारं, वास मारणारं शौच सुरू होतं. हा फरक उपचारात लागतो. पहिल्या प्रकारात क्षार धरून ठेवणारी कोलेस्टिरामिनची पूड चालते. दुसऱ्यात ती दिली तर उरलेले क्षारही जातात आणि चरबीचं पचन आणखी बिघडतं. हिचं सत्तर सेंटिमीटर, शौच पाण्यासारखं, वजन टिकलेलं. म्हणजे पहिला प्रकार.

उपचार

बी-१२ ची १००० मायक्रोग्रॅमची इंजेक्शनं एक दिवसाआड सुरू केली, सुधारणा होत राहील तोवर. पुढं दर दोन महिन्यांनी एक, जन्मभर. तोंडानं दिलेल्या मोठ्या डोसातलं एक टक्का बी-१२ कुठल्याही ग्राहकाशिवाय आतड्यातून झिरपतं, त्यामुळं गोळीही पर्याय असू शकते. पण मज्जारज्जू अडकलेला असताना एक टक्क्यावर विसंबायचं नसतं. सुरुवातीला रक्तातलं पोटॅशियम बघितलं, नव्या पेशी झपाट्यानं बनताना ते खाली येऊ शकतं. गॅसची गोळी बंद. फॉलिक ॲसिडही थांबवलं, तिच्याकडं ते भरपूर होतं.

आठवड्याभरात रक्तात कोवळ्या तांबड्या पेशी वाढल्या. कोलेस्टिरामिनची पूड सकाळी न्याहारीआधी पाण्यात कालवून. चव वाळूसारखी म्हणून तिनं नाक मुरडलं, पण चौथ्या दिवशी शौच दोनवर आलं. ही पूड दुसरी औषधंही धरून ठेवते, म्हणून बाकीच्या गोळ्या तिच्या एक तास आधी किंवा चार ते सहा तासांनी. चरबीत विरघळणाऱ्या जीवनसत्त्वांचंही तेच. ‘ड’ तपासलं तर कमी होतं, ते दिलं.

पुढं दोन धोके राहतात. एक पित्ताचे खडे, क्षारांचं प्रमाण बदलल्यामुळं. दुसरा मूतखडा, आणि त्याचं कारण पुन्हा आतड्यातच. न पचलेली चरबी कॅल्शियमला धरते, मग एरवी कॅल्शियमनं बांधून बाहेर नेलं असतं ते ऑक्झलेट मोकळं राहून मोठ्या आतड्यातून रक्तात शिरतं आणि मूत्रपिंडात खड्याला लागतं. म्हणून जेवणाबरोबर ताक-दही सोडायचं नाही, तळण आणि तेल बेतानं, पाणी भरपूर, पालक आणि चहा हात राखून. ताकाचं ऐकून ती खूश झाली. चहाचं ऐकून नाही.

‘मटण चालतंय की नाही?’ हे तिनं दारातून मागं वळून विचारलं. चालतं. त्यातली प्रथिनं आणि लोह तिला पूर्ण मिळतात, वरचं आतडं धड आहे. त्यातलं बी-१२ मात्र तिच्या हिशेबात धरायचं नाही, कितीही खाल्लं तरी.

आठ महिन्यांनी ती काठीशिवाय चालते, न्हाणीत भिंतीला हात लावत नाही. घोट्यावर कंप कळतो, अंगठ्यावर अजून नाही. दीड वर्ष बिघडून राहिलेल्या नसा सगळ्या परततील असं मी तिला सांगितलेलं नाही. इंजेक्शन आता गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातली सिस्टर देते. तिच्या कार्डावर कानडीत आणि मराठीत, दोन्हीकडं मोठ्या अक्षरांत लिहून दिलं आहे: शेवटचं लहान आतडं ७० सेंमी काढलेलं आहे, बी-१२ जन्मभर, तब्येत बरी वाटली तरी बंद करू नये.